भाड्याचा नऊ नंबर

मला खोली देण्याआधी चाचांनी माझे गुडघे तपासले. हात लावून नव्हे. "म्याडम, जरा जिना चढून दाखवा," म्हणाले आणि स्वतः खालच्या पायरीशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाचोऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. सव्वीस वर्षांची, एकटी, हातात कपड्यांची पिशवी. घरमालक आपल्याला जिना चढायला लावून खालून बघतोय म्हटल्यावर चौथ्या पायरीवरच मी दुसरी खोली कुठे मिळेल याचा विचार करायला लागले. तेवढ्यात आतून एका बाईंचा आवाज आला.

"काय हो, बाईमाणसाला वर चढवून खाली काय उभे राहता? अक्कल चरायला गेली का?"

"गुडघा बघतोय," चाचा शांतपणे म्हणाले. "डावा कच्चा आहे. थंडीत दुखंल. बाकी पोरगी ठीक शे. द्या किल्ली."

खोली मिळाली. नाव, गाव, जात, लग्न कधी करणार, घरी कोण कोण, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. डिसेंबरात माझा डावा गुडघा खरंच दुखायला लागला. मी कोणाला बोलले नाही, पण सकाळी जिना उतरताना खालून आवाज आलाच, "बोललो होतो."

याला आता दहा-बारा वर्षं झाली. मी त्या घरात तीन वर्षं राहिले. खाली चाचांचं गाद्यांचं दुकान होतं, मागे त्यांची आणि चाचींची राहती जागा आणि वर मी. घराणं पिंजाऱ्यांचं. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया-उशा भरायच्या. पिंजायला यंत्र आलं होतं, पण गादी तयार झाली की चाचा ती थेट रस्त्याच्या कडेला अंथरत आणि तिच्यावर आडवे पडून दोन्ही बाजूंना लोळून बघत. स्टेशनकडे जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी चाचा डोळे मिटून दोन मिनिटं पडून राहत, मग उठून म्हणत, "डाव्या खांद्याला कमी आहे," आणि शिवण उसवून मूठभर कापूस घालत. एका नवऱ्यामुलाच्या बापानं तक्रार केली होती की मुलाच्या गादीवर मुलाच्या आधी हेच झोपले.

पण चाचांचा खरा धंदा गाद्यांचा नव्हता. तरुणपणी पंधरा-सोळा वर्षं ते फुटबॉल खेळले, आणि तेही भाड्यानं.

तेव्हा खानदेशात गावोगावी फुटबॉलच्या स्पर्धा व्हायच्या. प्रत्येक गावाला आपला संघ असे, आणि त्या संघात गावचीच पोरं पाहिजेत असा नियम असे. नियम आला म्हणजे तो मोडून देणारा माणूस लागतो. तो माणूस चाचा. नऊ नंबरची जर्सी, डावा पाय, आणि ज्या गावाला गोल पाहिजे त्या गावाचं नाव. संघाची यादी आधीच गेलेली असे, म्हणून यादीतला एखादा पोरगा घरी बसवायचा आणि चाचांनी त्याच्या नावानं मैदानात उतरायचं. ते रमेश म्हणून खेळले, भास्कर म्हणून खेळले, एकदा जोसेफ म्हणून गळ्यात क्रॉस घालून खेळले. मोबदला कधी रोख, कधी केळीचा घड, एकदा तर जिवंत बकरी. ती त्यांनी जामनेरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं पाचोऱ्याला आणली. वाटेत तिनं एका तलाठ्याच्या पिशवीतला सातबारा खाल्ला. त्या शेताचा मालक कोण हा वाद पुढे बरीच वर्षं चालला, असं चाचा सांगत. मी याची खातरजमा केलेली नाही.

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे पंचाईत असे. धुळ्याच्या बसस्टँडवर एक म्हातारे "काय जोसेफभाऊ!" करत आले. चाचांनी त्यांची, त्यांच्या मुलांची, त्यांच्या दम्याची चौकशी केली. पुढच्या पाच मिनिटांत दुसऱ्या एकानं "रमेशदादा!" म्हणून हाक मारली, तर त्यालाही तेवढ्याच मायेनं ओ दिली. दोघंही गेल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्हाला कसंतरी नाही वाटत?"

"कसाले? नाव म्हणजे जर्सी, म्याडम. घातली, खेळलो, धुवायला टाकली."

चाची यावर एकच गोष्ट सांगायच्या. निकाहाच्या वेळी काझीसाहेबांनी नवऱ्यामुलाला नाव विचारलं, तर हे विचार करत बसले. "माझे अब्बा घाबरले ना! म्हणे, पोराला नाव माहीत नाही, पोरगी काय सांभाळेल?"

चाचा तोवर आपले नडगीला तेल चोळत बसत. ती नडगी नांगरलेल्या वावरासारखी होती, आणि प्रत्येक खाचेचं गाव त्यांना पाठ होतं. हे साक्री. हे अमळनेर, तिथं मैदानाच्या मधून गटार होतं. दोंडाईचा पोटरीच्या मागच्या बाजूला होतं. ते दाखवायचं तर चाचांना पालथं व्हावं लागे, आणि ते दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, खुशाल होत.

पण त्यांच्या सगळ्या गावांत माझं आवडतं पिंपळनेर. तिथल्या संघाची यादी महिनाभर आधी गेली होती, आणि सामन्याच्या आठवडाभर आधी यादीतला एक पोरगा काविळीनं वारला. पोरगा गेला, पण नाव यादीत राहिलं. चाचा त्याच्या नावानं उतरले. उत्तरार्धात त्यांनी एकाला आडवा पाय घातला. पंचानं पिवळं कार्ड काढलं, वही उघडली आणि नाव विचारलं. चाचांनी खणखणीत आवाजात मयताचं नाव सांगितलं. मैदानाच्या कडेला त्या पोराची आत्या बसली होती. तिनं असा हंबरडा फोडला, की निम्मे प्रेक्षक उभे राहिले आणि दोघा-तिघांनी टोप्या काढल्या.

"मग?"

"मग काय? मॅच संपल्यावर त्या घरी गेलो. आत्याबाईंजवळ बसलो. चहा घेतला. म्हटलं, आत्या, पोरगा तुमचा चांगला खेळला. एक गोल त्याच्या नावावर आहे." एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, "अन् एक पिवळं कार्ड. पंचानं लिहिलं, पुन्हा असं करू नये. आता तो कुठून करेल?"

स्वतःच्या नावानं चाचा आयुष्यात एकदाच खेळले. धुळ्यात, मोहल्ल्याच्या संघातून, फुकट. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच गोलात चेंडू मारला. मला वाटलं, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली जाईल. छे! "मन लागलं नाही," म्हणाले. "शौकीन माणूस मैदानात भावना घेऊन येतो. मी पाय घेऊन जायचो."

चाचींना मात्र हे सगळं लागत असे. घरात कप नाही, प्रशस्तिपत्र नाही, वर्तमानपत्राचं कात्रण नाही. एवढ्या गावांचे गोल मारून नवरा गाद्या भरतो, आणि ज्यांच्या नावानं मारले ते आपापल्या गावात मिशीला पीळ देत फिरतात. त्यात बोदवडचे नाना म्हणजे चाचींच्या पायातला काटाच.

नाना हे बोदवडकडचे मोठे शेतकरी. कापूस, केळी, शिवाय एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. तरुणपणी ते बोदवडच्या संघाचे कप्तान होते, कारण जर्सी त्यांच्या वडिलांनी आणून दिल्या होत्या. जळगावच्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत नानांनी गोल मारला आणि बोदवड जिंकलं, ही गोष्ट त्या तालुक्यात शाळेतल्या मुलांनाही माहीत होती. त्या गोलानं नानांना आधी कार्यकारिणीत नेलं, मग अध्यक्ष केलं. आणि तो गोल अर्थातच चाचांचा होता.

एका जानेवारीत चाचांच्या दुकानात आमंत्रण आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. बोदवडला नव्या फुटबॉल स्पर्धेचं उद्घाटन, आणि नानांना ‘फुटबॉलमहर्षी’ ही पदवी. आमंत्रणावर हातानं लिहिलं होतं, ‘जरूर यावे. आपला, नाना.’

चाचींनी ते वाचलं, म्हणजे मी वाचून दाखवलं, आणि त्या कापूस पिंजायच्या काठीकडे बघत म्हणाल्या, "जायचं. मीपण येणार. म्याडमपण येणार. तिथं उठायचं, माईक घ्यायचा अन् सांगायचं, तो गोल मी मारला. एकदा तरी आपलं नाव घ्या हो. माझ्यासाठी घ्या."

शेवटचं वाक्य त्या वेगळ्या आवाजात बोलल्या. चाचांनी मान हलवली. ती ‘हो’ची होती की कापसाच्या तंतूनं नाक हुळहुळलं म्हणून हलली, ते मला कळलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. पाचोऱ्याहून भुसावळ, तिथं गाडी बदलून बोदवड. वाटेत चाचींनी चाचांकडून भाषण तीनदा म्हणून घेतलं. चाचा केळीचे वेफर खात "तो गोल मी मारला, तो गोल मी मारला" असं शाळेतल्या कवितेसारखं म्हणत होते. मी विचारलं, "पण तो गोल होता कसा?"

"खरं सांगू का? गोल नव्हताच तो."

चाचींनी कपाळाला हात लावला.

चाचांनी मग सगळं सांगितलं. सामना भुसावळच्या पोरांशी होता, आणि ती पोरं तगडी. म्हणून बोदवडवाल्यांनी दोन दिवस आधी पाचोऱ्याला माणूस पाठवला. यादीतला कोण घरी बसणार यावर वाद झाला, तेव्हा नाना स्वतःच म्हणाले, मी बसतो, माझं नाव घ्या. "दिलदार माणूस. अन् त्याला खेळताबी येत नव्हतं." नाना मैदानाच्या कडेला उसाच्या रसवाल्याच्या तंबूत लपून बसले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि ऐन वेळी जीपमधून नानांचे वडील उतरले. आबा. मुलाचा खेळ बघायला म्हणून, न सांगता आलेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, माणसं नुसती सावल्यांसारखी दिसायची. बोदवडवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि शेजारी एक माणूस बसवला. तो त्यांना सांगायचा, आता चेंडू नानाकडे, आता नाना पळाला.

"शेवटी डावीकडून मी चेंडू मधल्या पोराला द्यायला मारला. पाय जरा खाली लागला. चेंडू वर गेला, वाऱ्यानं वळला, बारला आपटला अन् आत. गोलकीपर माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. अर्धा गोल तर वाऱ्याचाच."

"हे तिथं सांगायचं नाही," चाची म्हणाल्या. "तिथं फक्त ‘मी मारला’."

बोदवडच्या मैदानावर मांडव होता. फलकावर हसऱ्या नानांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली कोपऱ्यात चेंडू. निवेदन एका शाळेचे मुख्याध्यापक करत होते. त्यांच्या तोंडी तो गोल आता चाळीस यार्डांवरून मारला गेला होता, अंगात ताप होता आणि एक पाय मुरगळलेला होता. नाना व्यासपीठावर फेटा बांधून बसले होते आणि घामानं फेट्याची कड भिजली होती. तासाभरात त्यांनी आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. मला तो माणूस सत्काराला नव्हे, दात काढायला आल्यासारखा वाटत होता.

शाल झाली, श्रीफळ झालं, पितळी चेंडूचं मानचिन्ह झालं. मग मुख्याध्यापक म्हणाले, "त्या ऐतिहासिक सामन्याचे एक साक्षीदार, पाचोऱ्याचे जुने खेळाडू, आज आपल्यात आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

चाचींनी चाचांच्या बरगडीत कोपर मारलं. चाचा उठले, माईकपाशी गेले. नानांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी भीती म्हटलं असतं, पण त्यात जराशी सुटकेची वाट बघणंही होतं.

"तो गोल मी..." चाचा म्हणाले, आणि माईक कर्कश किंचाळला. कोणीतरी पळत येऊन वायर हलवली. चाची खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. चाचांनी घसा साफ केला.

"तो गोल मी फार जवळून पाहिला. इतक्या जवळून, की नानांनीसुद्धा एवढ्या जवळून पाहिला नसेल."

मांडव टाळ्यांनी दणाणला. चाचींनी ओढणी तोंडावर ओढली आणि आतून जे शब्द बाहेर आले ते मी इथं लिहीत नाही.

इथं हे संपायला हवं होतं. पण उद्घाटनाची किक राहिली होती. महर्षींनी पेनल्टीच्या जागेवरून चेंडू मारायचा, असं ठरलं होतं. गोलात बोदवडच्या संघाचा गोलकीपर उभा राहिला, हातमोजे घालून, गुडघ्यांत वाकून, डोळ्यांत नुसता उत्साह. नानांनी जन्मात चेंडू मारला नव्हता, आणि समोर हजारभर माणसं. चाचांनी ते बघितलं आणि तरातरा मैदानात गेले. गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, वय पासष्ट, आणि खांबांच्या मधोमध उभे राहिले.

नानांनी किक मारली. बूट चेंडूपेक्षा लांब गेला. चेंडू मुंगीच्या चालीनं चाचांच्या डाव्या बाजूला निघाला. तो गोलापर्यंत पोचेल की वाटेत बसेल, हेच कळेना. चाचांनी त्याला पुरेसा वेळ दिला आणि मग उजवीकडे अशी झेप घेतली, की क्षणभर ते हवेत आडवे दिसले. खाली मुरूम होता. कडकन आवाज आला. चेंडू डावीकडून सावकाश आत जाऊन जाळीला टेकला.

लोक वेडे झाले. नानांना खांद्यावर घेतलं. चाचा उजवं कोपर धरून बसून राहिले, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

परतीच्या गाडीत चाचांचा हात चाचींच्या ओढणीत गळ्याला टांगलेला होता. भुसावळपर्यंत चाची एक शब्द बोलल्या नाहीत. त्या घरात ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती. शेवटी मीच विचारलं, "चाचा, का पण? निदान गप्प तरी बसायचं."

"विकलेली गादी आहे, म्याडम. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, शिवण उसवून माझा कापूस परत मागू का?"

"आणि उडी कशाला मारली? नुसतं उभं राहिलं असतं तर काय झालं असतं?"

"उभा राहिलो असतो तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्यानं सोडला. उडी मारली तर म्हणतील, नानांनी फसवला. काम करायचं तर पुरं करावं."

चाची खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी काय मागितलं होतं? एक नाव." चाचांनी डाव्या हातानं वेफरचा पुडा त्यांच्यापुढे केला. त्यांनी घेतला नाही.

कोपराचं हाड मोडलं होतं. प्लास्टर बसलं आणि चाचा महिनाभर दुकानात नुसते बसून चाचींना गादी कशी भरायची ते सांगायला लागले. ती शिक्षा नेमकी कोणाला होती, कळत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी, शनिवारी, मी कॉलेजातून दुपारी परतले तर दुकानासमोर पांढरी गाडी उभी. आत, भरायला घेतलेल्या गादीवर, नाना बसले होते. एकटेच. डोक्यावर साधी टोपी, मांडीवर ती शाल आणि लाकडी पाटीवरचा पितळी चेंडू. चाची दाराशी काठी घेऊन उभ्या होत्या. मी जिन्याकडे निघाले तर म्हणाल्या, "थांबा म्याडम. साक्षीला थांबा."

"हे तुमचं आहे," नाना चाचांना म्हणाले. "मले घरात ठेववत नाही. तुम्ही सांगून टाकाल म्हणूनच बोलावलं होतं तुम्हाला. माह्या तोंडून तर निघत नव्हतं."

"मी गोल मोजून दिला होता नाना. परत घेत नसतो."

"मग मी काय करू याचं?"

"उशाला घ्या," चाची फटकन म्हणाल्या. "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गोलावर झोपले, अजून झोपा. यांचं काय गेलं ते कधी विचारलं का तुम्ही?"

नानांनी पितळी चेंडू बाजूला ठेवला. बराच वेळ टोपी काढून हातात फिरवत राहिले, मग परत घातली.

"वहिनी, त्या दिवशी माह्यंबी काही गेलं," ते म्हणाले. "मॅच संपल्यावर आबा खुर्चीवरून उठले. शेजारच्या माणसाचा हात सोडून एकटे मैदानात गेले, चाचपडत. ‘नाना, कुठं आहेस रे?’ करत. मी तंबूतून निघणार होतो. पण पंच तिथंच उभा, मी गेलो असतो तर सगळंच उघडं पडलं असतं. आबांच्या हाताला हे लागले. अन् आबांनी ह्यांना मिठी मारली. आमच्या आबांनी मले कधी जवळ घेतलं नाही, वहिनी. लहानपणीबी नाही. काठीच माहीत होती. पुढं अकरा वर्षं जगले, डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायलाबी लागलं. पण मिठी ती एकच. अन् ती ह्यांनी घेतली."

चाची चाचांकडे बघत होत्या. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं नव्हतं," चाचा म्हणाले. त्यांना शब्द शोधावे लागताना मी पहिल्यांदाच बघत होते. "ते भाड्यात ठरलं नव्हतं ना. मी बाजूला व्हायला पाहिजे होतं, नाना. म्हणायला पाहिजे होतं, आबा, तुमचा पोरगा तिकडं आहे. पण नाही म्हटलं. माझे अब्बा मी पाळण्यात असताना गेले. मलाबी बरं वाटलं."

नानांनी मान हलवली. रागावायला आलेला माणूस असा दिसत नाही, आणि माफ करायला आलेलाही नाही. ते नुसते दमलेले दिसत होते.

चाचा उठले. प्लास्टरचा हात सांभाळत नानांच्या समोर गेले. "उठा," म्हणाले.

"काऊन?"

"उठा तर. मिठी कशी मारली होती ते दाखवतो. माझ्या ध्यानात आहे."

नाना उठले. चाचांनी डावा हात पुढे केला आणि त्यांचा कान धरला. "आधी असा कान धरला. चांगला जोरात. मला वाटलं, ओळखलं म्हाताऱ्यानं, आता मार बसतो. मग असं जवळ ओढलं." त्यांनी ओढलं. "मग डोक्याचा वास घेतला, वासराचा घेतात तसा. अन् म्हणाले, माहा वाघ रे, माहा वाघ." एरवी अहिराणी वळणानं बोलणाऱ्या चाचांनी ते ‘माहा’ अगदी बोदवडच्या माणसासारखं म्हटलं. मग प्लास्टर मध्ये येऊ नये म्हणून जरा तिरके होत त्यांनी नानांना छातीशी धरलं. "अन् मग पाठीवर थापा मारल्या. बैलाला मारतात तशा. दोन." आणि त्यांनी डाव्या हातानं दोन थापा मारल्या.

नाना तसेच उभे होते, तोंड चाचांच्या खांद्यात. तिथूनच त्यांचा दबलेला आवाज आला.

"तीन."

"काय?"

"तीन मारल्या होत्या. मी तंबूतून बघत होतो."

चाचांनी क्षणभर आठवून पाहिलं. मग हात मागे घेतला आणि राहिलेली तिसरी थाप दिली, सगळ्यांत जोरात. नानांची टोपी उडून कापसात पडली. चाचींनी काठी भिंतीला लावली, टोपी उचलली आणि तिच्यावरचा कापूस झटकायला लागल्या.